अठरा ते चोवीस

लसीकरणाच्या खोलीत वजनकाट्यापाशी बसणाऱ्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं, "महिने घडाघडा सांगणाऱ्या आयांची मला काळजी नसते. जिच्या पोराचे महिने पुढेच सरकत नाहीत, तिच्याकडे बघत जा." मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कारण त्या वेळी मी काट्याखाली वाकून बघत होते. माझा मुलगा महिन्याभरात फक्त दीडशे ग्रॅम वाढला होता आणि माझी खात्री होती की काट्याच्या पायाखाली काहीतरी अडकलंय.

"वय?" त्यांनी विचारलं होतं.

"नऊ महिने, सहा दिवस."

"दुपारपर्यंत थांबलात तर तासही सांगाल," असं म्हणून त्यांनी 'नऊ' एवढंच लिहिलं. सहा दिवस खाल्ले. मला ते घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

तेव्हापासून दहा महिने आणि पाच दिवस गेले. म्हणजे ज्या रविवारची गोष्ट सांगतेय त्या रविवारी माझा बटण एकोणीस महिने अकरा दिवसांचा होता. नवऱ्याला कुणी विचारलं तर तो "दीड" म्हणून मोकळा होतो. दीड! मधले एक महिना अकरा दिवस कुठे गेले? त्याच एक महिना अकरा दिवसांत बटण खुर्चीवर चढायला, डबा उघडायला आणि 'नको' म्हणायला शिकला. मी हे नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग माझंही सांगत जा ना महिन्यांत."

तर सांगते. माझा नवरा चारशे आठ महिन्यांचा आहे आणि त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

पण आमच्या घरात महिन्यांचं वेड फक्त माझ्या एकटीचं आहे असं समजू नका. हे घरच महिन्यांवर चालतं. आमचं दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं. पुढे काउंटर, मागे चार मशिनं, मध्ये कापडाचे तागे आणि त्यातून वाट काढणारे आम्ही. इथे माणसाला उंची, रुंदी, स्वभाव असलं काही नसतं. 'तीन ते सहा', 'सहा ते बारा', 'बारा ते अठरा' असतं. नातवंडांची नावंही सासूबाईंनी दुकानातूनच काढली. माझा बटण, आणि मोठ्या दिरांची मुलगी झालर. माझं नशीब की मला हूक म्हटलं नाही.

काउंटरमागच्या भिंतीवर सहा फ्रेम आहेत, एकेका मापाची एकेक. चौतीस-पस्तीस वर्षं त्यांत माझा नवरा आणि मोठे दीर वेगवेगळ्या वयांत लटकलेले होते. गिऱ्हाइकं नवऱ्याकडे बोट दाखवून विचारायची, "हेच का ते बारा ते अठरा?" भिंतीला नवा रंग दिला तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की आता नातवंडांचे फोटो. रविवारी अकरा वाजता फोटोग्राफर येणार. सध्या नातवंडं दोन, म्हणून फ्रेमही दोनच भरायच्या.

"बटण 'अठरा ते चोवीस'मध्ये, झालर 'चोवीस ते छत्तीस'मध्ये. त्यात विचार काय करायचा?" सासूबाई म्हणाल्या.

विचार बराच करावा लागला.

फोटोग्राफर शाळांचे ओळखपत्राचे फोटो काढणारा, टकला, घाईतला माणूस. त्याने दिवे लावले, पांढरी चादर टांगली, झालरला स्टुलावर बसवलं आणि सहज विचारलं, "हिचं वय काय?"

"बावीस महिने," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, झालरची आई.

"तिसरं लागलंय," सासूबाई म्हणाल्या.

"सव्वादोन धरा," मोबाइलमधून मान वर न काढता मोठे दीर म्हणाले.

"दोन फूट सात इंच," मागच्या खोलीतून सासरे ओरडले. त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता.

फोटोग्राफरने चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मुली किती आहेत?"

इथे थोडं सांगायला हवं. झालर आठ आठवडे आधी जन्मली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन वर्षांपर्यंत तिचं वय मोजताना दोन महिने वजा करायचे, म्हणजे तिची वाढ नीट कळते. वहिनींना ते लगेच समजलं. बाकीच्यांसाठी ती 'वजा' म्हणजे एक गूढच होतं. "जन्मलेलं पोर वजा कसं होतं गं?" असं सासूबाई वर्षभर विचारत होत्या. शिवाय त्या नेहमी चालू असलेलं वर्ष मोजतात, पुरं झालेलं नाही. बटणला 'दुसरं लागलं' असं त्या गिऱ्हाइकांना सांगतात आणि बायका म्हणतात, "दोन वर्षांचा? मग अंगाने फारच बारीक हो." त्या प्रत्येक बाईचा चेहरा माझ्या लक्षात आहे.

"बावीसच महिन्यांची आहे, तर ती 'अठरा ते चोवीस'मध्येच बसायला हवी," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. चाळीस वर्षं मशिनच्या खडखडाटात संसार झाल्यामुळे या घरात हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं समजतात. सासूबाईंनी ताबडतोब कान टवकारले.

सासूबाई बटणच्या, म्हणजे माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, पण माझ्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे. त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. त्यांच्या डोक्यात भिंत होती. थोरली नात धाकट्या मापात, मग त्याहून धाकटा नातू कुठे टांगायचा? आणि रोज येणाऱ्या बायका विचारतील, तुमच्याच पोरांची मापं चुकली तर आमच्यांची काय घेणार? "इथे माप चुकलं की सगळं चुकलं," असं त्या पंचवीस वेळा म्हणतात.

"दोघांना एकाच फ्रेममध्ये घ्या ना," मोठे दीर म्हणाले. "विषय संपला."

"मग 'चोवीस ते छत्तीस'मध्ये काय चादर टांगू?" सासूबाई कडाडल्या.

"शेजाऱ्यांचं पोर आणा."

"आपलं असताना?"

"मी काय म्हणतो," माझा नवरा म्हणाला, "वहिनी म्हणतायत तर राहू दे. बटणला पुढच्या वर्षी..."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जेवणाच्या डब्यांकडे बघत होता. पक्ष बदलायला त्याला भूक पुरते.

खरं सांगायचं तर मला त्या फ्रेमचं काही पडलं नव्हतं. पण गेले दोन महिने एक गोष्ट मनात सलत होती. वेगळ्या राहणाऱ्या वहिनी दर रविवारी झालरला घेऊन यायच्या, मी बटणचा नवा महिना सांगायचे, आणि त्या म्हणायच्या, "आमची बावीस." पुढच्या रविवारी पुन्हा, "बावीस." मला वाटायचं, त्या मला खिजवतायत. बटण सतराचा अठरा झाला, अठराचा एकोणीस झाला, शब्द जमवत त्यांच्या मुलीच्या पुढे चालला होता, आणि त्यांनी जिंकण्याची युक्ती शोधून काढली होती. मुलगी लहानच ठेवायची. मग ती बोलत नाही याला कोण काय म्हणणार? लहान आहे ना अजून.

इतकी हुशार मी, कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेली, आणि माझ्या डोक्यात हेच आलं.

मग मी बोटं उघडली. सगळ्यांसमोर.

"एक मिनिट. झालर जन्मली तेव्हा मला दुसरा महिना होता. मी हॉस्पिटलच्या जिन्यात ओकत होते, आठवतंय ना आई, तुम्ही माझी पिशवी धरली होती. बटण पूर्ण दिवसांचा. म्हणजे दोघांत सात महिन्यांचं अंतर. बटणला एकोणीस झाले. एकोणीस आणि सात?"

"सव्वीस," नवरा म्हणाला. गणितात तो बरा आहे.

"सव्वीस. त्यातून डॉक्टरांचे दोन वजा?"

"चोवीस."

"चोवीस पूर्ण. बावीस नाहीत. कुठल्याही हिशेबाने बावीस नाहीत."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच माझा कुठलातरी हिशेब त्यांना पटला होता. मोठ्या दिरांनी मोबाइल उलटा करून काउंटरवर ठेवला, हेही पहिल्यांदाच झालं. मला वाटलं, जिंकले. एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू, बटणचं वजन दीडशे ग्रॅम जास्त भरलं असतं तरी वाटलं नसतं.

वहिनी झालरच्या फ्रॉकची मागची पट्टी सरळ करत राहिल्या. ती सरळच होती.

"चला, आता दोघांना जवळ बसवा, एक ट्रायल घेतो," फोटोग्राफर म्हणाला. त्याला आमच्या घराण्याचा कंटाळा आला होता. त्याच्याकडे रबरी बदक होतं. ते पाठीमागे धरून त्याने दाबलं. क्वॅक!

बटणने मान गर्रकन फिरवली. खालून, वरून, फोटोग्राफरच्या टकलावर, सगळीकडे बदक शोधायला लागला. पुन्हा क्वॅक. बटण स्टुलावरून उतरलाच. मी त्याला धरून परत बसवलं, तो "नको नको" ओरडत सुटला.

झालर कॅमेऱ्याकडे बघत होती. क्वॅक. कॅमेऱ्याकडेच. क्वॅक, क्वॅक. तिच्या पापणीत काही हललं नाही.

"वा!" फोटोग्राफर म्हणाला. "याला म्हणतात शहाणं मूल. नाहीतर हा. जराही लक्ष ढळलं नाही हिचं. शाबास!"

सासूबाई कौतुकाने हसल्या. नवरा हसला. मी हसणार होते, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

मला एकदम कितीतरी रविवार दिसले. वहिनी झालरला मागून कधीच हाक मारत नसत. त्या उठत, वळसा घालून तिच्या समोर जात, गुडघ्यावर बसत, मग बोलत. मी नवऱ्याला म्हणाले होते, "किती ते लाड, हाकही पायी चालत जाऊन मारतात." आणि आम्ही सगळे ओरडत राहणारे. त्या ओरडण्यात कुणा एकाला ऐकूच येत नाही हे कधी कळणार?

वहिनींनी झालरला उचललं आणि मागच्या खोलीत गेल्या. जाताना मोठ्या दिरांजवळून गेल्या, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मोठ्या दिरांना सगळं ठाऊक होतं, हे मला संध्याकाळी कळलं. त्यांच्या घरी रात्रीचं जेवण झालं की वहिनी म्हणायच्या, "डॉक्टरांकडे जायला हवं," आणि ते म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना येऊच द्यायचा नाही, असं दोघांनी न बोलता ठरवलं होतं. 'सव्वादोन' हा आकडा त्यांनी असाच अंदाजाने फेकला होता. मोजलं असतं तर जावं लागलं असतं.

आणि सासऱ्यांना निराळंच काहीतरी ठाऊक होतं. सासरे आमचे कटिंग मास्तर. झालरचा तो फ्रॉक त्यांनीच कापला होता, चोवीस ते छत्तीसचा. त्यांचा हात चुकत नाही. सकाळी झालर त्यांच्या पायांत घुटमळत होती तेव्हा त्यांनी तिचा गळा ठीक करायला पट्टी उलटली आणि लेबल वाचलं. '१८–२४'. लेबलं लावायचं काम वहिनींचं, त्या कपडे घरी नेऊन करतात. कडेला जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. लेबल उसवून दुसरं शिवलं होतं, दोरा मुद्दाम त्याच रंगाचा घेऊन. सासऱ्यांनी पट्टी परत खाली केली आणि चूप बसले. लपवलेल्या गोष्टीवर बोट ठेवायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं असणार. कारण त्यांच्या कानाचं यंत्र तीन वर्षं बटणांच्या डब्यात पडून होतं, चार भोकांच्या पांढऱ्या बटणांखाली. "मला हवं ते ऐकू येतं," असं ते सांगायचे. त्यांना हवं असं आम्ही फारसं काही बोलतच नव्हतो.

मी मागच्या खोलीत गेले. वहिनी मशिनपाशी बसल्या होत्या, हातात ब्लेड, झालर मांडीवर.

"आलीस? आता दिवसही सांग. बाहेर सांगायचे राहिले."

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला माहीत नाही असं काही असतं?"

त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. इतक्या घड्या पडल्या होत्या की ती उघडताना कापडासारखी मऊ वाटली. डॉक्टरांचं अक्षर: चोवीस महिने पूर्ण झाल्यावर शब्द नसल्यास कानांची तपासणी.

"बावीसला ती उशिरा बोलणारी मुलगी आहे," वहिनी म्हणाल्या. "सगळे म्हणतात ना, माझा भाचा तीन वर्षांपर्यंत बोलला नव्हता, आता गप्प बसत नाही. बावीसला मला ते चालतं. चोवीसला..." त्यांनी झालरच्या गळ्याची पट्टी उलटी केली, मग सरळ केली. "रोज सकाळी उठले की म्हणायचे, आज नको. आजचा दिवस बावीसच राहू दे. काय जातं कुणाचं?"

"आपण उद्याच जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

"तू नको."

"वहिनी..."

"तिथे ते पहिलं वय विचारणार. आणि माझ्याआधी तू सांगणार."

मी खरंच सांगितलं असतं. दिवसांसकट.

सासरे दारात येऊन कधी उभे राहिले होते कुणास ठाऊक. ऐकू तर काही आलं नसणार. पण चिठ्ठी त्यांनी दुरून वाचली. डोळे त्यांचे अजून पक्के आहेत. ते फळीकडे गेले, डबा खाली काढला, कोपरापर्यंत हात घालून बटणं उपसली. मुठीतून यंत्र निघालं. ते शर्टाला पुसून त्यांनी कानाला लावलं. काही नाही.

"सेल संपलाय!" ते ओरडले.

माझा नवरा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून घेऊन धावत आला. तो करंगळीएवढा, यंत्राला हवा होता डाळीच्या दाण्याएवढा. "चारशे आठ महिने," मी पुटपुटले. तो पुन्हा पळाला, या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात. तोवर पुढे सासूबाई फोटोग्राफरला चहा देत होत्या आणि आमच्या घराची शिस्त समजावत होत्या.

सेल बसला. यंत्र शिट्टीसारखं किंचाळलं. सासरे दचकले. मग त्यांनी मान तिरकी करून पुढच्या खोलीतला आवाज ऐकला आणि कसनुसं तोंड केलं.

"ही नेहमी इतक्या मोठ्याने बोलते?"

"हो बाबा," वहिनी म्हणाल्या. आणि रडता रडता त्यांना हसू आलं.

"मग मी काढून ठेवलं होतं तेच बरं होतं." पण काढलं नाही. त्यांनी वहिनींच्या हातातून ब्लेड घेतलं, झालरच्या गळ्याचं लेबल चार टाक्यांत उसवलं आणि बटणांच्या डब्यात टाकून दिलं. "उद्या नऊ वाजता. मी आणि झालर. दोघांचे कान तपासून येऊ. म्हाताऱ्याचा नंबर आधी, मग तिचा. माझ्या कानाला काय काय लावतात ते तिला बघू दे, म्हणजे ती घाबरणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू दुकान बघ."

झालरचा फोटो 'चोवीस ते छत्तीस'मध्ये निघाला. कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा, स्वच्छ, अगदी शहाणा फोटो. बटणचा 'अठरा ते चोवीस'मध्ये, अर्धं डोकं फ्रेमबाहेर, बदक शोधताना.

आज सोमवार. सासरे, वहिनी आणि झालर सकाळी नऊला गेले. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. मोठे दीरही बरोबर गेलेत, मोबाइल दुकानातच विसरून, किंवा ठेवून. सासूबाई सकाळपासून एकच झबलं शिवतायत आणि कुणावरही ओरडलेल्या नाहीत. त्याने दुकान ओळखीचं वाटत नाही. मी वहिनींना दोनदा फोन केला. पहिला त्यांनी कापला, दुसरा वाजून वाजून बंद झाला. मग सासऱ्यांना केला, त्यांनी उचलला, पण यंत्र एका कानाला आणि फोन दुसऱ्या कानाला. "कोण बोलतंय?" असं तीनदा विचारून त्यांनी ठेवून दिला. दुपारपासून तीन बायकांनी बटणचं वय विचारलं. मी "दीड" म्हणाले. तिघींनाही.

नर्सबाईंचं मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका. तुमच्या नात्यात, शेजारात, जिन्यात रोज भेटणारी अशी कुणीतरी असेल, जिचं मूल बरेच दिवस तेवढ्याच महिन्यांचं आहे. तिला आज फोन करा. मूल किती महिन्यांचं झालं ते विचारू नका, ती कशी आहे ते विचारा. ती जो आकडा सांगेल तो ऐकून घ्या, मनातल्या मनातसुद्धा दुरुस्त करू नका. माझा फोन वहिनी उचलत नाहीयेत, तुमचा ती उचलेल. नाहीच उचलला, तर जाऊन तिचं दार वाजवा. आमच्या घरात वाजवतात तसं, जोरात.